जुन्या लॅपटॉपला एसएसडी आणि रॅम: काय बघायचं, काय घ्यायचं, कसं बसवायचं

चालू केल्यावर पाच-सात मिनिटं चक्र फिरत राहतं, ब्राउझरचं तिसरं पान उघडलं की माउस अडकतो, टॅली उघडेपर्यंत गिऱ्हाईक काउंटरवर ताटकळतं. सात-आठ वर्षं वापरलेला लॅपटॉप असा वागायला लागला की सांगली-मिरजेत हमखास एकच सल्ला मिळतो: फॉरमॅट मारा. फॉरमॅट मारल्यावर पंधरा दिवस बरं चालतं आणि मग येरे माझ्या मागल्या. कारण दुखणं बहुतेक वेळा विंडोजमध्ये नसतं, आत फिरणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये असतं.

लॅपटॉपची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. वाचणारं टोक योग्य पट्ट्यावर सरकणार, मग हवी ती जागा फिरत त्याच्याखाली येणार, यात दर वेळी पंधरा-वीस मिलिसेकंद जातात. सेकंदाला साठ-सत्तर उड्या, त्याहून फार नाही. आणि विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फायली डिस्कच्या कानाकोपऱ्यातून गोळा करते. एसएसडीत, म्हणजे चिपांवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे हीच वेचणी ती सेकंदाला हजारो वेळा करते. म्हणून पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर आधी एसएसडी घ्यावी, रॅम (चालू कामाची तात्पुरती मेमरी) पुढच्या महिन्यात. रॅमची निकड वेगळी असते: ४ जीबीच्या मशिनवर विंडोज स्वतःच अडीच-तीन जीबी अडवून बसते, उरलेली जागा ब्राउझरला पुरत नाही आणि मग डिस्कलाच रॅमसारखं राबवलं जातं. ८ जीबी झाली की हिशेब, पत्रव्यवहार, ऑनलाइन फॉर्म ही कामं सुरळीत होतात. १६ जीबी कोरलड्रॉ-फोटोशॉपवर लग्नपत्रिका आणि फ्लेक्स करणाऱ्यांनी किंवा कॅड चालवणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी घ्यावी. बाकीच्यांनी त्यासाठी पैसे घालवू नयेत.

आधी मशिन ओळखा

प्रोसेसरच्या नावात पिढी लिहिलेली असते. आय५-३२१०एम म्हणजे तिसरी पिढी, आय५-८२५०यू म्हणजे आठवी. तिसऱ्या पिढीपासून पुढच्या आय३, आय५ लॅपटॉपवर हा खर्च सार्थकी लागतो. ३२ किंवा ६४ जीबी साठवण बोर्डावरच डकवलेल्या स्वस्त सेलेरॉन मशिनवर मात्र करू नये. तिथे प्रोसेसरच तोकडा असतो आणि बऱ्याच मॉडेलमध्ये डिस्क बसवायला जागाच नसते.

विंडोजचाही विचार आत्ताच करावा. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. घरगुती मशिनची नोंदणी करून घेतली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, एवढंच. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं. त्याआधीच्या मशिनवर फक्त इंटरनेट, पत्रं आणि व्हिडिओ एवढंच काम असेल तर एसएसडीवर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाकणं हा चांगला मार्ग आहे. त्यात मराठी टायपिंगही होतं. टॅली, कोरलड्रॉ किंवा अंगठ्याचं मशिन चालवायचं असेल तर विंडोज लागणारच.

आता रॅम. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे किती स्लॉट भरलेत ते कळतं. फॉर्म फॅक्टरसमोर 'एसओडिम' लिहिलं असेल तर रॅमची पट्टी बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' लिहिलं असेल तर ती रॅम बोर्डावर डाग देऊन बसवलेली आहे, ती निघत नाही. काही पातळ मॉडेलमध्ये ४ जीबी बोर्डावर आणि शेजारी एक मोकळा स्लॉट असतो. तिथे ८ ची पट्टी घालून १२ जीबी करता येते आणि ते व्यवस्थित चालतं. पट्टीचा नेमका प्रकार सीपीयू-झेड नावाचं मोफत सॉफ्टवेअर सांगतं.

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते डीडीआर३ आणि डीडीआर३एल या रॅमच्या दोन जातींच्या घोळात. दोन्हींना २०४ पिना, खाच एकाच जागी, त्यामुळे कुठलीही पट्टी कुठेही बसते. पण डीडीआर३ ला १.५ व्होल्ट लागतात आणि डीडीआर३एलला १.३५. चौथ्या-पाचव्या पिढीचे लॅपटॉप १.३५ व्होल्टच देतात. तिथे जुनी १.५ ची पट्टी घातली की पडदा काळाच राहतो आणि दुकानदार म्हणतो बोर्ड गेला. उलट बाजूने अडचण नसते: डीडीआर३एल १.५ व्होल्टवरही चालते, म्हणून शंका असेल तेव्हा 'एल'वालीच घ्यावी. पट्टीच्या लेबलवर 'पीसी३एल-१२८००एस' असं छापलेलं असतं. त्यातला एल बघायचा. १२८०० म्हणजे १६०० चा वेग.

लेबल वाचून झालं की चिपा मोजा. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या पिढीच्या इंटेलला ८ जीबीची अशी पट्टी लागते जिच्यावर १६ चिपा असतात, दोन्ही अंगांना आठ-आठ. लेबलवर '२आरएक्स८' असतं. आठच चिपांत ८ जीबी कोंबलेली '१आरएक्स८' पट्टी त्या प्रोसेसरला ओळखता येत नाही. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या डीडीआर३एल पट्ट्यांत अशा बऱ्याच असतात, आणि मग पट्टीही नवी, लॅपटॉपही धड आणि तरी चालू होत नाही असा घोळ होतो.

डीडीआर४ मध्ये एवढी भानगड नाही. २६० पिना, १.२ व्होल्ट, खाच वेगळी, त्यामुळे चुकीच्या जागी बसतच नाही. ३२०० ची पट्टी २४०० च्या मशिनमध्ये घातली तर निमूट २४०० वर चालते. दोन पट्ट्या सारख्या आकाराच्या असल्या तर वेग थोडा जास्त मिळतो, विशेषतः प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या मशिनला. पण चालू स्थितीतली ४ जीबी फेकून देण्याएवढा तो फरक नाही.

डीडीआर३एल नवीन मिळेनाशी होत चालली आहे, त्यामुळे सुटे भाग केलेल्या लॅपटॉपमधली जुनी पट्टी घ्यावी लागते. त्यात काही वाईट नाही, रॅम झिजत नाही. फक्त पैसे देण्याआधी रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवरून चालवून एक पूर्ण फेरी करून घ्यावी. लाल रंगात एक जरी चूक दिसली तरी पट्टी परत. 'एखादी चालते' हे इथे लागू नाही, कारण ती एक चूक पुढे कधीतरी टॅलीच्या डेटात उमटते.

एसएसडी कोणती

बहुतेक जुन्या लॅपटॉपला २.५ इंची साटा (साध्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी बसते, ७ मिलिमीटर जाडीची. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटरची असेल तर अडीच मिलिमीटरची प्लॅस्टिकची चौकट लागते, नाहीतर ती आत खुळखुळते. साटाची वेगमर्यादा सेकंदाला साधारण ५५० एमबी. दुसऱ्या पिढीच्या आधीच्या मशिनमध्ये ती निम्मी असते. तरीही घ्यावी, कारण खरा फायदा बारक्या फायलींच्या वेचणीत आहे आणि तो तिथेही मिळतोच.

सहाव्या-सातव्या पिढीपासून आत एम.२ चा स्लॉट सापडू शकतो. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. दिसायला सारख्या असणाऱ्या एम.२ मध्ये दोन जाती आहेत: साटावाली आणि तिच्याहून वेगवान एनव्हीएमई. साटावालीला बहुधा दोन खाचा असतात, एनव्हीएमईला बहुधा एक. पण स्लॉट कुठली जात घेतो हे खाचेवरून ठरवू नका. बऱ्याच कंपन्यांच्या संकेतस्थळावर मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मोफत असतं, त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं. त्याच मॅन्युअलमध्ये कुठला स्क्रू कुठे, बॅटरीचा जोड कुठे याची चित्रंही असतात. ते फोनवर उघडून शेजारी ठेवूनच काम करावं.

२५६ जीबी ही किमान, ५०० ही सोयीची. १२८ घेऊ नये: विंडोज, अपडेट आणि कार्यालयाची सॉफ्टवेअर बसली की ती भरते, आणि भरत आलेली एसएसडी मंदावते. पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवायची असते. घ्यायची ती तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी असलेली आणि जीएसटीच्या पक्क्या बिलावर, कारण वॉरंटीला बिलच लागतं. हजार-दीड हजारात दोन टीबी असं कुणी विकत असेल तर आत खोटी क्षमता दाखवणारी मेमरी असते. पहिले काही जीबी नीट लिहिले जातात, पुढचं नाहीसं होतं.

डीव्हीडी ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये त्या ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) घालून दोन्ही डिस्क ठेवता येतात. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाडीत येते, तेव्हा डीव्हीडी ड्राइव्ह काढून मोजपट्टीने मोजूनच मागवा. एसएसडी मात्र मुख्य जागेत बसवायची आणि जुनी डिस्क कॅडीत. काही मॉडेलमध्ये डीव्हीडीची जोडणी सावकाश असते, आणि कॅडीतून विंडोज सुरू करताना काही बायोस (मशिन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर) कुरकुर करतात.

बॅकअप आणि जुनं विंडोज

क्लोनला, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी एसएसडीवर उतरवण्याला, हात लावण्याआधी डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवा. 'करंट पेंडिंग सेक्टर' किंवा 'अनकरेक्टेबल' यापैकी एकासमोर शून्याखेरीज आकडा असेल, वरचा चौकोन पिवळा किंवा लाल झाला असेल, तर क्लोन करायच्या भानगडीत पडू नका. खराब जागा वाचण्यासाठी डिस्क पुन्हा पुन्हा झटापट करते, क्लोन चाळीस टक्क्यांवर अडकतं आणि त्या ताणात उरलेली डिस्कही जाते. अशा वेळी आधी महत्त्वाच्या फायली उचला, लहान आणि मोलाच्या आधी, सिनेमे शेवटी. मग एसएसडीवर नवीन विंडोज टाका.

धंद्याच्या मशिनवर फायली उचलताना नेमकं काय मागे राहतं ते सांगून ठेवतो. टॅलीचा डेटा टॅलीतूनच बॅकअप घ्यायचा आणि लायसन्स आधी सरेंडर करायचं, म्हणजे नव्या डिस्कवर पुन्हा सुरू करताना अडत नाही. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन असेल तर त्याच्या ड्रायव्हरचं नाव लिहून ठेवा. सेवा केंद्रवाल्यांनी अंगठ्याच्या मशिनची आरडी सर्व्हिस (ते चालवणारं सॉफ्टवेअर) लिहून ठेवावी. डीटीपीवाल्यांनी श्री-लिपीचे सगळे फॉन्ट आणि डोंगल, कारण जुन्या नॉन-युनिकोड पत्रिका त्या फॉन्टशिवाय उघडल्या तर नुसता अक्षरांचा काला दिसतो. ब्राउझरमधले पासवर्ड. आणि ईमेल आउटलुकमध्ये असेल तर तिची डेटा फाइल, जी डेस्कटॉपवर सहसा नसते.

विंडोजच्या लायसन्सची काळजी नको. विंडोज ८ नंतरच्या लॅपटॉपमध्ये ते बोर्डाशी बांधलेलं असतं, डिस्क बदलल्याने जात नाही. काळजी करायची ती डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरची. आठव्या पिढीच्या पुढच्या बऱ्याच मशिनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाला न विचारता चालू झालेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करा, डिस्कचं कुलूप पूर्ण उलगडू द्या, मगच क्लोन. आणि रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहा.

डिस्क धडधाकट असेल तर क्लोन सोपं आहे. एसएसडी साटा-यूएसबी केबलने निळ्या यूएसबी पोर्टला जोडायची आणि एसएसडीच्या कंपनीने दिलेलं क्लोनिंग सॉफ्टवेअर चालवायचं. ते नसेल तर क्लोनझिला. क्लोनझिला नेहमीच्या पद्धतीत लहान डिस्कवर क्लोन करत नाही: ५०० ची डिस्क २५६ वर न्यायची तर आधी विंडोजमधून पार्टिशन (डिस्कवरचा कप्पा) आखडून घ्यावं लागतं. क्लोन करताना स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं हे डिस्कच्या नावावरून आणि आकारावरून दोनदा वाचा. उलटं झालं तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. दोनशे जीबीला तास-दोन तास लागतात, त्यामुळे वीज जाण्याच्या वेळा सोडून बसा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर इन्व्हर्टरच्या प्लगवर लावा.

उघडणं आणि बसवणं

पीएच०० आणि पीएच० असे अधिकच्या खुणेच्या टोकाचे दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, जुनं एटीएम कार्ड किंवा प्लॅस्टिकची चपटी पट्टी, मऊ ब्रश. एका कोऱ्या कागदावर लॅपटॉपच्या तळाचा आकार काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू चित्रात त्याच्याच जागी चिकटपट्टीने लावा. हे पोरकट वाटेल, पण लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला की तो थेट कीबोर्डच्या तळात घुसतो.

लॅपटॉप शिफ्ट दाबून शट डाउन करा, म्हणजे तो खरोखर बंद होतो. चार्जर काढा. बॅटरी बाहेरची असेल तर काढा आणि पॉवरचं बटण पंधरा सेकंद दाबून धरा. बॅटरी आत असेल तर झाकण निघाल्यावर पहिलं काम तिचा जोड सोडवण्याचं. बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललेलं दिसलं, तर दाबू नका, टोचू नका. आधी बॅटरी बदला, मग पुढचं.

अंगातल्या स्थिर विजेचा त्रास जत-आटपाडीकडच्या कोरड्या हवेत फेब्रुवारी ते मे जास्त होतो. नायलॉनच्या सतरंजीवर किंवा गादीवर बसून हे काम करू नये. लाकडी टेबल घ्या आणि बोर्डाला हात लावण्याआधी दर वेळी आतल्या धातूच्या चौकटीला बोट टेकवा. शिराळ्याकडे पावसाळ्यात उलटं दुखणं असतं: संपर्क दमट होऊन काळवंडतात. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात पेन्सिलच्या खोडरबरने हलके घासावेत आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसावेत.

रॅमच्या दोन्ही बाजूंचे चिमटे बोटांनी बाहेर ढकलले की जुनी पट्टी आपोआप वर येते. नवी पट्टी कडेला धरून, खाच जुळवून, तिरपी आत सरकवायची. सोनेरी दातांची फक्त केसाएवढी रेघ दिसली पाहिजे. मग खाली दाबायची, दोन्ही चिमट्यांचा खटका ऐकू येईपर्यंत. एकच खटका आला म्हणजे एक बाजू अर्धवट आहे. नवी रॅम घातल्यावर पडदा काळा राहण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच.

जुनी हार्ड डिस्क काढताना ती कशात बसली आहे ते बघा: धातूची पन्हळ, रबरी कडा की नुसती चपटी केबल. पन्हळ आणि रबर एसएसडीला लावायचं असतं, जुन्या डिस्कबरोबर बाजूला टाकायचं नसतं. चपटी केबल असेल तर केबलला ओढू नका, तिच्या टोकाचा कठीण भाग धरा. ती फाटली तर मॉडेलप्रमाणे मागवावी लागते आणि सांगलीत सहज मिळत नाही. एम.२ असेल तर तिरपी सरकवून, आडवी दाबून एका स्क्रूने बसवतात. स्क्रू नुसता टेकेपर्यंत पिळायचा.

झाकण उघडंच आहे तर पंखा साफ करून घ्या. मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालतात त्या भागातल्या मशिनमध्ये धूळ आणि हळदीची भुकटी मिळून पंख्यामागच्या जाळीवर घट्ट थर बसतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर भरधाव फिरून बेअरिंग जातं. पुरात बुडालेल्या लॅपटॉपवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी साय दिसत असेल तर एसएसडीचा खर्च करू नका, बोर्ड आज ना उद्या जाणारच आहे.

चालू करताना

रॅम बदलल्यावर पहिल्यांदा पडदा मिनिटभर काळा राहू शकतो, मशिन नव्या रॅमची ओळख करून घेत असतं. तीन-चार मिनिटं गेली तरी काही नाही, तर बंद करून एकच पट्टी, एकाच स्लॉटमध्ये, मग दुसऱ्यात असं करून बघा. बायोसमध्ये रॅमचा आकडा आणि एसएसडीचं नाव दोन्ही दिसलं की बसवणं बरोबर झालं.

क्लोन केलेलं विंडोज निळ्या पडद्यावर अडकलं आणि 'इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणालं, तर बहुधा बायोसमध्ये साटाचा मोड बदललेला असतो. पूर्वी होता तोच ठेवा. 'नो बूटेबल डिव्हाइस' आलं तर बूटचा क्रम बघा आणि जुनी डिस्क युईएफआयची (सुरू होण्याची नवी पद्धत) होती की लेगसीची (जुनी पद्धत) ते जुळवा. नवीन विंडोज टाकताना साटाचा मोड एएचसीआय असावा. अकराव्या पिढीपासूनच्या काही मशिनवर इन्स्टॉलर डिस्कच दाखवत नाही. तिथे कंपनीच्या संकेतस्थळावरचा इंटेल आरएसटी ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घेऊन 'लोड ड्रायव्हर' करावा लागतो. ८ जीबी घालूनही तीन-साडेतीनच वापरात दिसत असेल तर विंडोज ३२ बिटचं आहे. ते ६४ बिटचं नव्याने टाकण्याखेरीज इलाज नाही.

डिफ्रॅग (फायली डिस्कवर पुन्हा रचणारं) सॉफ्टवेअर असेल तर काढून टाका. विंडोजच्या 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज'मध्ये नव्या डिस्कसमोर 'सॉलिड स्टेट ड्राइव्ह' लिहिलेलं असलं की विंडोज तिची निगा स्वतः घेते.

जुनी डिस्क लगेच पुसू नका. महिनाभर तशीच ठेवा, काहीतरी राहिलेलं नक्की आठवतं. मग तिला यूएसबीच्या डबीत घालून बॅकअपला वापरा, अर्थात क्रिस्टलडिस्कइन्फोने तिला धड म्हटलं असेल तरच. वर्षानुवर्षं कपाटात बंद ठेवायला ती एसएसडीपेक्षा बरी, कारण एसएसडी बराच काळ विजेविना राहिली तर तिच्यातलं विरत जातं. ज्यांच्या घरात २०१९ ला किंवा २०२१ ला कृष्णेचं पाणी आलं होतं त्यांनी ही डबी सिलिका जेलच्या पुड्यासह वरच्या मजल्यावर किंवा विश्रामबागेतल्या एखाद्या नातेवाइकाकडे ठेवावी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघालं की माणसं, जनावरं आणि कागदपत्रं हलवण्यात डिस्कची आठवण कुणाला राहत नाही. दर सहा महिन्यांनी ती एकदा जोडायची, नवा बॅकअप घ्यायचा आणि त्यातल्या चार-दोन फायली प्रत्यक्ष उघडून बघायच्या.